संध्याकाळी भरणारा वर्ग

1970च्या दशकाच्या मध्यावर युरी ट्राइसमन हा तरुण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात संशोधक विद्यार्थी होता. जोडीला त्याच्याकडे एक काम होतं. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसची उदाहरणं सोडवून घेणाऱ्या टीचिंग असिस्टंटांना तयार करायचं. या असिस्टंटांना त्याने एकदा सहज विचारलं, तुमच्या वर्गातली पुढे असलेली मुलं कोण आणि मागे पडणारी कोण? उत्तरं जमवून पाहिली तेव्हा एक नकोसं चित्र समोर आलं. पुढे असलेल्यांत चिनी वंशाचे अमेरिकन विद्यार्थी बरेच होते आणि मागे पडणाऱ्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी. जुन्या नोंदी काढल्या तर त्या आणखी बोचऱ्या निघाल्या. आधीच्या दहा वर्षांत कॅल्क्युलसचं पहिलं सत्र पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे 60 टक्के जणांना डी किंवा एफ श्रेणी, म्हणजे काठावरची किंवा नापासाची, मिळालेली होती. कॅल्क्युलस राहिलं की इंजिनीअरिंग गेलं, भौतिकशास्त्र गेलं, पुष्कळदा वैद्यकाची वाटही बंद झाली. एटीकेटीच्या यादीत गणिताच्या पेपरचं नाव सगळ्यांत वर पाहिलेल्या मराठी वाचकाला या एका विषयाचं वजन वेगळं सांगायला नको.

हे असं का होतं, असं ट्राइसमनने प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं तयारच होती आणि ती चार प्रकारची होती. या मुलांमध्ये तितकी जिद्द नसते. त्यांच्या शाळाच कच्च्या असतात. घरच्यांना उच्च शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. आणि शेवटी सगळा प्रश्न गरिबीचा आहे. ही उत्तरं देणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांतले कितीतरी जण या मुलांसाठी मनापासून धडपडत होते. पण चारही उत्तरांनी प्रश्न विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर नेऊन ठेवला होता, आणि तपासून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

ट्राइसमनने तपासायचं ठरवलं. 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले. आधी मुलाखतींचा बेत होता, पण माणूस आपण अभ्यास कसा करतो याबद्दल जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे करतो त्यांत अंतर असतं हे लवकरच ध्यानात आलं. मग तो आणि त्याचे सहकारी थेट त्यांच्या खोल्यांवर, ग्रंथालयात, जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसू लागले. अभ्यास चालू असताना व्हिडिओ चित्रण केलं. काही आठवड्यांचा म्हणून हाती घेतलेला उद्योग अठरा महिने चालला.

आधी ती चारही उत्तरं कोसळली. ज्यांच्यात जिद्द नाही असं म्हटलं जात होतं त्यांतले अनेक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते, आणि बर्कलीपर्यंत पोहोचण्यासाठी सोबत्यांच्या थट्टेकडे पाठ फिरवून त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. आपलं मूल विद्यापीठात जाणार हे कित्येक घरांत ते जन्मण्याआधीच ठरलेलं होतं. पैशाचं म्हणाल तर काहींचे आईवडील शिक्षक आणि सरकारी नोकर होते, आणि त्यांची मुलंही नापास होत होती. सर्वांत मोठा धक्का शालेय तयारीबद्दलचा होता. प्रवेश परीक्षेत गणिताला उत्तम गुण असलेले कृष्णवर्णीय विद्यार्थीसुद्धा पहिल्याच सत्रात गळून पडत होते.

मग फरक होता कुठे? तो संध्याकाळी सापडला.

विद्यापीठाने सगळ्यांना एकच हिशेब सांगितला होता. वर्गातल्या दर तासामागे दोन तास अभ्यास करा. आठवड्याला कॅल्क्युलसचे चार तास, म्हणजे आठ तास अभ्यास. कृष्णवर्णीय विद्यार्थी हा हिशेब अगदी प्रामाणिकपणे पाळत होते. आठ तास, खोलीचं दार लावून, एकट्याने. 20पैकी 18 जण वर्गातल्या कुणाबरोबरही कधी अभ्यासाला बसत नव्हते. अभ्यास एका बाजूला आणि मित्रमंडळी दुसऱ्या बाजूला, ही विभागणी त्यांनी शाळेत कष्टाने स्वतःला लावून घेतली होती. तिथे तीच त्यांना तारून गेली होती.

चिनी विद्यार्थीही आठ-दहा तास एकटे बसत. पण त्यानंतर संध्याकाळी ते एकत्र येत, कधी कुणाच्या खोलीवर, कधी जेवताना. गृहपाठाची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहत. चौघांचं उत्तर एक आणि पाचव्याचं वेगळं निघालं की पाचवा आपली पायरी न् पायरी तपासायला बसे, किंवा उरलेल्या चौघांना त्यांची चूक दाखवून देई. मागच्या वर्षांचे पेपर काढून सोडवत. कुणाची तयारी किती झाली आहे, आपण वर्गात कुठे आहोत, प्राध्यापक कशाला किती गुण देतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही, तर ते उदाहरण अवघड आहे एवढाच त्याचा अर्थ व्हायचा आणि मग सगळे मिळून असिस्टंटला गाठत.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. तेच न सुटलेलं उदाहरण बंद खोलीत एकट्या बसलेल्या मुलासमोर आलं की त्याचा अर्थ पार बदलतो. ते इतरांनाही सुटत नाहीये हे कळायला त्याला मार्गच नाही. उदाहरण अवघड आहे, की मीच कमी पडतोय? शाळेत पहिला आलेला मुलगा हा प्रश्न रात्री अकरा वाजता स्वतःला विचारतो, आणि उत्तर द्यायला खोलीत दुसरं कुणी नसतं. विद्यापीठाने मदतीचे जादा वर्ग ठेवले होते, पण ते ‘कच्च्या’ मुलांसाठी. ज्याने आजवर इतरांना शिकवलं, तो त्या दारातून आत कसा जाणार?

म्हणजे बर्कलीत कॅल्क्युलसचे दोन वर्ग भरत होते. एक सकाळी, सभागृहात, वेळापत्रकात छापलेला. दुसरा संध्याकाळी, ज्याची कुठे नोंद नव्हती, ज्याला ना शिक्षक होता ना फळा. गणित पक्कं होत होतं ते पुष्कळसं या दुसऱ्या वर्गात. परीक्षा मात्र सगळ्यांची एकच.

1978मध्ये ट्राइसमनने हा दुसरा वर्ग उघडपणे भरवायला सुरुवात केली. इथे त्याने घेतलेला निर्णय आजही थक्क करतो. नापासांच्या यादीत दिसणाऱ्या मुलांसाठी काही करायचं म्हटलं की आपला हात आपसूक सोप्याकडे वळतो. पाया पक्का करू, थोडं हळू जाऊ. त्याने उलट केलं. या मुलांना हुशार विद्यार्थ्यांच्या विशेष कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं आणि वर्गात मिळत होती त्यांहून कठीण उदाहरणं समोर ठेवली. अडला तर मदत करणारा एक असिस्टंट, टेबलांभोवती पाच-सहा जणांचे गट. आधी स्वतः झगडायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं.

उदाहरणं कशी निवडायची यातही कसब होतं. आकडेमोड लांबवून अवघड केलेलं उदाहरण इथे उपयोगाचं नाही. समज जिथे कच्ची असते नेमक्या त्या जागी बोट ठेवणारं उदाहरण हवं. अशा एका प्रश्नाची कल्पना करून पाहू. एखाद्या बिंदूपाशी फलनाचा अवकलज शून्य असेल, तर तिथे फलनाची किंमत सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान असलीच पाहिजे का? बहुतेक मुलं पटकन हो म्हणतात, कारण पुस्तकातली सगळी उदाहरणं तशीच असतात. मग गटातली एखादी मुलगी x चा घन काढून दाखवते. शून्यापाशी त्याचा चढ क्षणभर सपाट होतो आणि आलेख पुन्हा वरच जात राहतो, तिथे ना शिखर ना दरी. आता दुसरा कुणी विचारतो, मग उलट काय? शिखर किंवा दरी असेल तर अवकलज शून्य असतोच का? कागदावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा आलेख येतो. तळाला टोक आहे, किंमत सर्वांत लहान आहे, पण तिथे अवकलजच अस्तित्वात नाही. दहा मिनिटांत एक पाठ केलेला नियम दोन्ही बाजूंनी तपासून झाला, आणि तो का व कुठे लागू पडतो हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने एकदा तरी मांडलं.

परिणाम विद्यापीठाच्या नोंदींतच दिसला. कार्यशाळेत आलेले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी तिथे न आलेल्या आपल्या बांधवांच्या पुढे गेलेच, गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांनाही त्यांनी मागे टाकलं. प्रवेश परीक्षेच्या 800पैकी 600च्या किंचित वर गुण असलेली कृष्णवर्णीय मुलं 700च्या बऱ्याच वर गुण असलेल्या इतरांच्या तोडीस तोड ठरली. हा फरक दीड-दोन टक्क्यांचा नव्हता, चांगला शंभराहून जास्त गुणांचा होता, आणि तो भरून काढायला वर्षानुवर्षांचे पायाभूत वर्ग लागले नाहीत. पुढे हा प्रयोग टेक्सस विद्यापीठासह अनेक ठिकाणी गेला आणि 1992मध्ये ट्राइसमनला मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

पण संध्याकाळची कार्यशाळा ही झाली ज्यांना बोलावणं गेलं त्यांची सोय. तोच दुसरा वर्ग सकाळच्या सभागृहात, शेकडो मुलांच्या मध्यात भरवता येईल का? या प्रश्नाचं उत्तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, हार्वर्डमध्ये, भौतिकशास्त्राच्या वाटेने आलं.

एरिक मझुर तिथे 1984पासून शिकवत होता. विद्यार्थी खूश, परीक्षेचे निकाल उत्तम. 1990च्या सुमारास त्याने आपल्या वर्गाला एक अगदी प्राथमिक चाचणी दिली, जिच्यात आकडेमोड मुळीच नव्हती. त्यातला एक प्रश्न असा: भरधाव अवजड ट्रक आणि छोटी कार यांची समोरासमोर टक्कर झाली, तर कोण कुणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ होता. तरीही बऱ्याच जणांनी ट्रक असं उत्तर दिलं. बल दोन्हीकडे सारखंच असतं. कारचा चेंदामेंदा होतो कारण तिचं वस्तुमान कमी, आणि तेवढ्याच बलाने तिचा वेग फार झपाट्याने बदलतो. मझुरने हे फळ्यावर एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, चेहरे कोरेच राहिले. शेवटी वैतागून तो म्हणाला, आपसात बोला. सभागृहात एकदम गलका झाला आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेकांना उलगडा झाला होता. जिला हे आत्ताच कळलंय तिला न कळणं म्हणजे काय याची आठवण ताजी असते. ज्या प्राध्यापकाला ते वीस वर्षांपूर्वी कळलं त्याला ती अडचण आता दिसतही नाही.

यातून त्याची पद्धत उभी राहिली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत नोंदवायचं. एक शंका रास्त होती. हुशार शेजाऱ्याचं उत्तर बाकीचे उचलत तर नसतील? कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिकीच्या वर्गात ती तपासली आणि 2009मध्ये निष्कर्ष छापला. चर्चेनंतर त्यांनी त्याच कल्पनेवरचा, पण नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. मुलांची उत्तरं सुधारली होती. ज्या गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर माहीत नव्हतं त्या गटांतसुद्धा! उत्तर न येणारी माणसं एकत्र बसून उत्तराच्या जवळ पोहोचतात, हे मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला नव्याने नवल वाटतं.

अशीच पद्धत पवईलाही आजमावली गेली. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या वर्गात साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी होते. सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी तिथे ‘आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांनी मिळून’ अशी कृती वारंवार घेतली आणि विद्यार्थी खरोखर कामात आहेत का, हे वर्गात बसून नोंदवलं. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सरासरी 83 टक्के विद्यार्थी त्या वेळी कामात गुंतलेले होते. मागच्या बाकांवर काय चालतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याची किंमत कळेल.

आता विद्यार्थ्यांच्या गटागटांमधल्या दरीकडे परत येऊ. हार्वर्डच्या वर्गात मुलगे आणि मुली यांच्यात भौतिकशास्त्राच्या समजेत सुरुवातीला जे अंतर दिसत होतं ते सर्वांत जास्त चर्चा असलेल्या वर्गांत सत्राअखेरीस मिटलं, असं 2006मध्ये मझुर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या संशोधकांनी सांगितलं की आमच्याकडेही चर्चा होते, पण अंतर तसं मिटत नाही. मला ही तक्रार मोलाची वाटते. नुसतं ‘गटात बसवा’ म्हणून भागत नाही, हे तिच्यामुळे स्पष्ट झालं. गटातही एकजण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, असं होऊ शकतं.

किती केलं की पुरतं, हे सांगणारे आकडे नंतर आले. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये 225 अभ्यास एकत्र करून पाहिले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. 2020मध्ये त्याच विद्यापीठातल्या एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. हा फायदा नेमका कुणाला होतो? विज्ञानात कमी संख्येने दिसणाऱ्या समाजांतल्या आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांचं इतरांपासूनचं परीक्षेतलं अंतर 33 टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातलं अंतर 45 टक्क्यांनी घटलं होतं. मात्र हे घडलं ते वर्गाचा बराच मोठा वेळ अशा कामाला दिला होता तिथेच. तासाच्या शेवटी पाच मिनिटं चर्चा ठेवून दरी हलली नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. जीवशास्त्राच्या एका मोठ्या वर्गात केली होगन यांनी तीन गोष्टी बदलल्या. वाचन सांगताना सोबत प्रश्न दिले, म्हणजे धड्यातलं काय शोधायचं ते कळेल. तासाला येण्याआधी थोड्या गुणांचा गृहपाठ ठेवला. तासात उदाहरणं सोडवायला लावली. सेरा एडी यांच्यासह त्यांनी 2014मध्ये नोंदवलं की सगळ्यांचेच गुण वाढले, कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांमधलं अंतर निम्म्यावर आलं आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुलांचं अंतर उरलंच नाही. असं का व्हावं? ज्या घरात आई प्राध्यापक आहे, मोठा भाऊ इंजिनीअर आहे, तिथे ‘पेपर जवळ आल्यावर वाचून चालत नाही, रोजचं रोज कर’ हे जेवताना कानावर पडतं. ते ज्याच्या कानावर कधी पडलं नाही त्याला होगन यांच्या वेळापत्रकाने ते सांगितलं. ज्याला आधीच ठाऊक होतं त्याचं काहीही गेलं नाही.

मग हे सगळीकडे का होत नाही? एक अडथळा मोठा विलक्षण आहे. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी 2019मध्ये दाखवलं की झगडायला लावणाऱ्या तासात विद्यार्थी जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. कसलेल्या वक्त्याचं ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना ठेच लागते, आणि ती ठेच म्हणजे आपलं अपयश असा अर्थ मन लावतं. सत्राच्या सुरुवातीलाच हे विद्यार्थ्यांना उलगडून सांगितलं तर त्यांचा विरोध ओसरतो, असाही त्यांचा अनुभव आहे.

दुसरा अडथळा फळ्याच्या बाजूला आहे. 2019मध्येच एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या विद्यापीठातले 150 प्राध्यापक आणि त्यांच्या 15,000हून अधिक विद्यार्थ्यांचे गुण तपासले. बुद्धी जन्मजात असते, ती वाढत नाही, असं मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गांत वंशागणिक दिसणारं गुणांचं अंतर इतरांच्या वर्गांपेक्षा दुपटीपर्यंत मोठं निघालं. कोणता प्राध्यापक असं मानतो, हे त्याचं वय, लिंग, वंश, अनुभव यांवरून ओळखता येत नव्हतं.

आणि ज्याला ठेच लागते तो मुलगा? ‘इथे आपलं काम नाही’ हा विचार पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येकाच्या मनात येतो आणि पुढे मावळतो, एवढंच नव्या विद्यार्थ्यांना आधीच्यांच्या शब्दांत वाचायला दिलं तर काय होईल? ग्रेगरी वॉल्टन आणि सहकाऱ्यांनी 22 शिक्षणसंस्थांमधल्या 26,911 विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं आणि 2023मध्ये निकाल प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाहून कमी वेळाच्या या वाचन-लेखनाने मागे पडणाऱ्या गटांतली जास्त मुलं पहिलं वर्ष पूर्ण करून टिकली. पण सगळीकडे नाही. ज्या संस्थेत त्या मुलांना खरोखरच सामावून घेणारी माणसं आणि जागा होत्या तिथेच ते शब्द लागू पडले. बाकीच्या ठिकाणी मुलांनी तेच शब्द वाचले आणि फरक पडला नाही.